स्टेज पियानो घेतला, आता लावायचा कसा अन् सांभाळायचा कसा? (नागपूरच्या हिशोबाने)

नवीन स्टेज पियानो घरी येते, डबा उघडतात, वायर लावतात, डिस्प्ले मस्त लागते, अन् कीज दाबल्या तर आवाजच नाही. मग दुकानदाराला फोन, की बाप्पा, पीस खराब दिला तुम्ही. पीस खराब नसतो. बहुतेक स्टेज पियानोत स्पीकरच नसतात. यामाहाचा सीपी८८ घ्या, रोलँडचा आरडी-२००० घ्या, नॉर्डचे लाल वाले घ्या, हे सगळे स्टेजवरच्या साउंड सिस्टिमला जोडायचे म्हणून बनवलेले आहेत, आत फक्त आवाज तयार होते, बाहेर काढायचं काम तुमचं. काही मॉडेलला छोटे स्पीकर देतात, रोलँड आरडी-८८ ला आहेत, पण ते रियाजापुरते, मंडपात त्यांचं काही चालत नाही.

नागपुरात बरेच जण खऱ्या स्टेज पियानोऐवजी पोर्टेबल डिजिटल पियानो घेतात, यामाहा पी-४५, रोलँड एफपी-१०, कॅसिओ प्रिव्हिया वगैरे, अन् तोच स्टेजवरही नेतात. त्यात काही वाईट नाही, ८८ कीज असतात, हॅमर ॲक्शन असते (म्हणजे कीज खऱ्या पियानोसारख्या जड), वजन ११-१२ किलोच्या आसपास असते. सीपी८८ साडेअठरा किलोच्या वर आहे, आरडी-२००० जवळपास २२ किलो, म्हणजे तिसऱ्या माळ्यावर राहात असाल अन् लिफ्ट नसेल तर घेण्याआधी नीट विचार करा. खाली जे लिहून राहिलो ते दोन्ही प्रकाराला लागू आहे, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या. पियानो स्वतः फार क्वचित बिघडते. बिघडते ते त्याच्या आजूबाजूचं, म्हणजे वायर, अडॅप्टर, पेडल, पिन, मंडपातली लाइट, कूलरची हवा. त्यामुळे काही झालं तर पियानो उघडायच्या आधी बाहेरचं सगळं तपासायचं.

लाइट

पियानोसोबत जो अडॅप्टर आला तोच वापरायचा. बर्डीच्या मार्केटमध्ये "साहेब, चालून जाते" म्हणून कोणताही बारा व्होल्टचा अडॅप्टर देतील, पण त्यावर तीन गोष्टी बघाव्या लागतात: व्होल्ट, अँपिअर अन् पिनची पोलॅरिटी, म्हणजे मधे प्लस आहे की मायनस. अडॅप्टरवर अन् पियानोच्या मागे एक छोटी गोल खूण छापलेली असते, दोन्ही सारख्या पाहिजेत. व्होल्ट बरोबर तेवढेच हवे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही चालत. गिटारवाल्या मित्राचा इफेक्ट पेडलचा अडॅप्टर तर बिलकुल लावू नका, त्यात बहुतेक वेळा मायनस मधे असतो.

घरी आपल्याकडे २३० व्होल्ट येतात असं म्हणतात, प्रत्यक्षात उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर अन् एसी सुरू झाले की कमी-जास्त होत राहतं. बहुतेक नवीन अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात (त्यावर लिहिलेलं असते, वाचा), त्यामुळे व्होल्टेज थोडं पडलं तर फरक पडत नाही. खरी भीती वर जाण्याची आहे. साधा स्पाइक गार्ड अचानक आलेला झटका थोडाफार अडवतो, पण सतत जास्त येणारं व्होल्टेज नाही अडवत, ते वेगळं काम आहे. अन् एप्रिल-मे मध्ये जेव्हा संध्याकाळी वादळ येते, विजा कडाडतात, तेव्हा स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका, सरळ प्लग काढा. नुसतं बटन बंद करणं म्हणजे बंद नाही. लॅपटॉपची यूएसबी अन् स्पीकरची वायर पण काढा, कारण झटका तिकडूनही येऊ शकते.

इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर पाहिजे. जुन्या स्क्वेअर वेव्हवर घूंऽऽ असा आवाज येते अन् ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर असेल तर तो तापते.

आता मंडप. गणपती, नवरात्र, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, सगळीकडे थ्री फेज लाइन ओढलेली असते अन् कुठेतरी एका खांबावर न्यूट्रल नुसता पिळून लावलेला असतो. तो न्यूट्रल सुटला की काही सॉकेटवर व्होल्टेज २३० चं ४०० च्या जवळ जाऊ शकते, अन् मग अडॅप्टर, मिक्सर, एलईडी सगळं एका झटक्यात जाते. म्हणून एक साधा मल्टीमीटर बॅगेत ठेवा, दोन-चारशे रुपयांत मिळते. प्लग लावण्याआधी सॉकेट मोजायचं, २१० ते २५० मध्ये असेल तर लावायचं, नाही तर इलेक्ट्रिशियन भाऊला बोलवायचं, लाजायचं नाही. जनरेटरवर बदली होताना पियानो बंद ठेवा, चालू झाल्यावर दोन मिनिटं थांबा, मग लावा. अन् शक्य असेल तर साउंडवाल्याच्याच बोर्डमधून लाइट घ्या, लाइटिंगवाल्याच्या बोर्डमधून नको, त्याच्या डिमरचा किरकिरा आवाज तुमच्या पियानोत घुसतो.

ठेवायचा कशावर

एक्स आकाराचा सिंगल पाइपवाला स्टँड छोट्या कॅसिओ कीबोर्डसाठी ठीक आहे, ८८ कीजच्या हॅमर ॲक्शनखाली तो हलतो. डबल पाइपवाला एक्स घ्या किंवा झेड, किंवा टेबल टाइप. उंचीचं सोपं माप म्हणजे स्टुलावर बसून हात कीजवर ठेवले की कोपर कीजच्या लेव्हलला आलं पाहिजे, म्हणजे जमिनीपासून कीज साधारण ७०-७३ सेंटीमीटर. डायनिंग टेबलवर ठेवाल तर खांदे वर जातील अन् महिनाभरात मान धरेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अजून एक. हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही असं वाटते, पण हॅमर ॲक्शनचा ठकठक आवाज स्टँडच्या पायातून स्लॅबमध्ये जातो, खालच्या काकूंना रात्री अकरा वाजता तो छान ऐकू येतो. स्टँडखाली जाड रबर मॅट टाका, नाही तर दुमडलेली सतरंजी.

पेडल

पेडल लावायचं एक छोटं तंत्र आहे जे डब्यातल्या पुस्तकात कोपऱ्यात लिहिलेलं असते अन् कोणी वाचत नाही. पेडल आधी लावायचं, मग पियानो चालू करायचा, अन् चालू करताना पेडलवर पाय ठेवायचा नाही. कारण बरेच पियानो चालू होताना बघतात की आत्ता पेडलचा स्विच उघडा आहे की बंद, अन् तीच "पाय नाही" ची स्थिती समजून घेतात. पाय ठेवून चालू केलं की उलटं काम सुरू, पाय उचलला तर सूर लांबतात, दाबला तर तुटतात. काही जणांना वाटते पेडल डुप्लिकेट दिलं. बंद करून परत चालू करा, बस. तरी उलटंच होऊन राहिलं तर पेडल दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याच्या खाली बहुतेक एक छोटा स्विच असतो तो सरकवा, किंवा पियानोच्या मेन्यूत पोलॅरिटी बदला.

पियानोसोबत येणारं चौकोनी प्लास्टिकचं बटन-पेडल फक्त चालू किंवा बंद एवढंच सांगते. हाफ पेडल पाहिजे असेल, म्हणजे अर्ध्यावर पाय ठेवून सूर हळूहळू विरवायचा असेल, तर कंटिन्युअस पेडल लागते, यामाहाचं एफसी३ किंवा रोलँडचं डीपी-१० त्यातले, पण आधी बघा की तुमचा पियानो ते ओळखतो का. पी-४५ सारखं स्वस्त मॉडेलही एफसी३ लावलं तर हाफ पेडल ओळखते. टाइल्सवर पेडल घसरते, त्याच्या खाली तरटाचा तुकडा किंवा रबर मॅट टाकली की जागेवर राहते.

आवाज बाहेर काढायचा

पियानोच्या मागे लाइन आउट असते, म्हणजे मिक्सरला आवाज द्यायची भोकं, एकावर एल/मोनो लिहिलेलं, दुसऱ्यावर आर. इथे मोठी पिन लागते, आपल्या इकडचे साउंडवाले तिला पी-३८ म्हणतात. मंडपाची सिस्टिम बहुतेक मोनोच असते, तर फक्त एल/मोनोमध्ये एकच वायर लावा, पियानो आतल्या आत दोन्ही बाजू एकत्र करून देते. नुसत्या आरमध्ये लावाल तर अर्धाच आवाज जाईल. अन् एक गंमत बघा, बरेच पियानोचे सुंदर स्टिरिओ आवाज मोनोत गेले की पोकळ अन् पातळ वाटतात कारण डाव्या-उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींना खातात. तेव्हा मेन्यूत "मोनो पियानो" नावाचा आवाज शोधा, घरी हेडफोनवर तो फालतू वाटेल पण मैदानात तोच भरून ऐकू येतो. मी तर बाहेरच्या कार्यक्रमाला आधी तोच लावून बघतो.

पी-४५ ला लाइन आउटच नाही, एफपी-१० ला पण नाही, फक्त हेडफोनचं भोक आहे. त्यातूनच काढावं लागते. पण त्यात मोनो पिन लावायची नाही, हेडफोनचं भोक स्टिरिओ आहे, मोनो पिनने उजवी बाजू शॉर्ट होते. स्टिरिओ पिन ते दोन मोनो अशी वाय केबल घ्या (एफपी-१० ला साडेतीन एमएमची, पी-४५ ला मोठी), अन् व्हॉल्यूम अर्ध्यावरून सुरू करा.

स्टेज ते मिक्सर पाच-सहा मीटरपेक्षा लांब असेल तर साधी वायर ओढत नेऊ नका, तिच्यात रस्त्यातली सगळी घूं-घूं शिरते. डीआय बॉक्स मागा, म्हणजे लांब वायरीत घूं-घूं शिरू नये असा सिग्नल बदलून देणारा छोटा डबा. चांगल्या साउंडवाल्याकडे असतोच, नसेल तर स्वतःचा एक पॅसिव्ह डीआय घेऊन ठेवा. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटन असते, हम (घूं-घूं) आली की ते दाबून बघायचं. सीपी८८ ला थेट एक्सएलआर आउटपुट आहेत, त्याला डीआयची गरजच नाही. अन् हम घालवायसाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत न, त्यांच्या नादी लागू नका. त्या पिनेनेच तुम्हाला शॉक बसत नाही.

आता क्रम. लावताना: पियानोचा व्हॉल्यूम शून्य, मिक्सरचं तुमचं चॅनल म्यूट, वायर लावा, पियानो चालू करा, मग मिक्सर, अन् सगळ्यात शेवटी ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकर. बंद करताना बरोबर उलटं, स्पीकर आधी. हा क्रम चुकला की "ठप्प" असा जो आवाज येते तो स्पीकरच्या ट्वीटरचं आयुष्य कमी करतो. साउंडचेकला पियानोचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा, तुमचा सगळ्यात जोरात वाजवायचा तुकडा वाजवा अन् साउंडवाल्याला गेन (मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) त्यावर सेट करू द्या. बहुतेक नवीन पोट्टे साउंडचेकमध्ये हळूच दोन कॉर्ड वाजवतात अन् कार्यक्रमात दणदण, मग आवाज फाटतो अन् नाव साउंडवाल्याचं.

तबला-ढोलक अन् बेस गिटार सोबत असेल तर डावा हात हलका ठेवा, मिक्सरवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा, २५०-४०० च्या आसपास थोडं कमी करायला सांगा, गढूळपणा जातो. रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाच्या घुमण्याचं पण तसंच, घरच्या खोलीत जेवढा गोड वाटतो तेवढा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागी ठेवाल तर सगळं एकमेकांत मिसळेल. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात त्यामानाने चालून जाते.

घरी वाजवायला गिटार ॲम्प वापरू नका, त्यात पियानोचे वरचे सूर दबतात. दोन छोटे पॉवर्ड मॉनिटर घ्या किंवा वायरचा चांगला हेडफोन. वायरचाच, कारण ब्लूटूथमध्ये बोट आधी पडते अन् सूर मागून येतो, त्यावर ताल बसत नाही.

काळी चार, पांढरी पाच

हे कोणत्याच कंपनीच्या पुस्तकात नाही अन् आपल्याकडे सगळ्यात जास्त लागते. गायक येऊन म्हणतो "काळी चार लावा" अन् क्लासमध्ये सी मेजर, जी मेजर शिकलेलं पोरगं नुसतं बघत राहते. हिशोब असा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. काळ्या वेगळ्या मोजायच्या अन् पांढऱ्या वेगळ्या, एवढंच.

तुम्ही सी मध्येच बोटं बसवली असतील तर ट्रान्सपोज वापरा, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचं बटन. काळी एक पाहिजे तर अधिक १, पांढरी दोन अधिक २, पांढरी चार अधिक ५, पांढरी पाच उणे ५, काळी चार उणे ४, काळी पाच उणे २. काळी चार अधिक ८ ने पण येते पण बऱ्याच पियानोत ट्रान्सपोज सहाच्या पुढे जात नाही अन् आवाज पण उगाच चिरका होते. गाणं संपलं की परत शून्यावर आणायचं विसरू नका, पुढचं गाणं उणे चारमध्ये सुरू झालं की सगळे तुमच्याकडेच बघतात. हळूहळू ट्रान्सपोज सोडून सगळ्या पट्ट्यांत बोटं बसवा, पण सुरुवातीला ते वापरण्यात कमीपणा काहीच नाही, मोठमोठे ऑर्केस्ट्रावाले वापरतात.

सोबत जुनी पेटी असेल तर अजून एक भानगड आहे. पियानो ४४० हर्ट्झवर येते, म्हणजे पांढरी सहा बरोबर ४४०. पेटी कधी ४४२ असते, कधी अजून वर, अन् पेटीचे सूर तर स्टेजवर बदलता येत नाहीत. तेव्हा पियानोत मास्टर ट्यून शोधा अन् पेटीशी जुळेस्तोवर थोडं-थोडं वर न्या. मोबाइलचं फुकट ट्यूनर ॲप पेटीसमोर धरलं की आकडा लगेच कळते. बासरीवाला असेल तर त्यालाही विचारा, बासरीचा सूर थंडीत खाली असते अन् उन्हाळ्यात वर.

पेटीवरून आलेल्यांना दुसरी अडचण टचची येते. पेटीत जोर भात्यात असते, बोटात नाही, पियानोत उलटं. सुरुवातीला आवाज येतच नाही असं वाटते. टच सेन्सिटिव्हिटी हलकी करून घ्या (नावं कंपनीगणिक वेगळी आहेत, कुठे सॉफ्ट, कुठे लाइट), दोन-तीन महिन्यांनी मीडियमवर या. फिक्स्डवर (कसंही दाबलं तरी आवाज सारखाच) ठेवून वाजवू नका, मग एवढा महागाचा हॅमर ॲक्शन घेतला काऊन?

आवाज निवडणे अन् सेव्ह करणे

यात जास्त सांगण्यासारखं नाही, हातानेच शिकायचं आहे. फक्त दोन गोष्टी. लेअर लावताना, म्हणजे पियानोखाली स्ट्रिंग्ज, तर स्ट्रिंग्ज एवढ्या कमी ठेवा की बंद केल्यावरच कळलं पाहिजे की होत्या. अन् पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात तो आकडा, लक्षात ठेवा. पी-४५ ची ६४ आहे, सीपी८८ ची १२८. स्टिरिओ आवाज एका सुराला दोन खातो, त्यात लेअर अन् पेडल दाबून ठेवलं की ६४ बघता बघता संपतात अन् आधीचे सूर मधेच तुटतात. तो बिघाड नाही, पेडल वेळेवर सोडा.

जे सेटिंग जमलं ते सेव्ह करा, नाही तर बंद केल्यावर गेलं. यामाहा सीपीमध्ये त्याला लाइव्ह सेट म्हणतात, आरडी-८८ मध्ये सीन, नॉर्डमध्ये प्रोग्रॅम. कार्यक्रमाच्या गाण्यांच्या क्रमानेच सेव्ह करत जा म्हणजे स्टेजवर नुसतं पुढे-पुढे जायचं. अन् ऑटो पॉवर ऑफ नक्की बंद करा. बऱ्याच मॉडेलमध्ये अर्धा तास हात लावला नाही की पियानो आपोआप बंद होतो, निवेदकाचं भाषण अन् सत्कार लांबला की नेमकं तेव्हाच होते. पी-४५ मध्ये सगळ्यात खालची की दाबून ठेवून चालू केला की ते बंद होते.

लॅपटॉपला जोडायला बऱ्याच मॉडेलला प्रिंटरचीच यूएसबी केबल लागते, वेगळी महागडी घेऊ नका. लॅपटॉपमधून प्रत्येक सूर दोनदा ऐकू येऊन राहिला तर पियानोत लोकल कंट्रोल (कीज दाबल्या की पियानोचा स्वतःचा आवाज वाजायची सेटिंग) ऑफ करा, अन् नंतर ऑन करायला विसरू नका, नाही तर दुसऱ्या दिवशी परत "आवाजच नाही".

ऊन, कूलर, धूळ

यामाहाच्या पुस्तकात वापरायचं तापमान ५ ते ४० डिग्री लिहिलेलं असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे वाक्य नागपूरकरांनी जरा सिरियसली घेतलं पाहिजे. वरच्या माळ्यावर, पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीला लागून पियानो ठेवू नका. बंद कारमध्ये दुपारी तर अजिबात नाही, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५-२० डिग्री सहज जास्त होते, त्यात कीज वाकड्या होऊ शकतात अन् आतला गोंद सुटतो. वर्ध्याला किंवा अमरावतीला कार्यक्रम असेल अन् रस्त्यात जेवायला थांबले तर गाडी सावलीत लावा, नाही तर एक जण गाडीत बसा.

अन् कूलर. हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे, मुंबई-पुण्याच्या लोकांना कळणार नाही. मार्च संपला की खिडकीत कूलर बसतो, अन् घरात सगळ्यात गार जागा म्हणजे कूलरसमोरची, तर रियाजाला पियानो बरोबर तिथेच येतो. कूलरच्या हवेत दमटपणा असतोच, वरून नवीन वाळा टाकला किंवा पंप जोरात असला की बारीक तुषारही उडतात, ते कीजच्या फटीतून खाली जातात. खाली काय आहे ते सांगतो म्हणजे घाबराल. प्रत्येक कीखाली रबराची पट्टी असते, तिच्यात कार्बनचे छोटे ठिपके असतात, की दाबली की ते खालच्या सर्किटला एकामागून एक टेकतात, दोन किंवा तीन ठिकाणी. पहिला टेकणं अन् दुसरा टेकणं यातला जो वेळ आहे त्यावरून पियानो ठरवतो की तुम्ही जोरात वाजवलं की हळू. आता त्यातला एक ठिपका दमट धुळीने माखला की हिशोब चुकतो. मग ती एक की कधी वाजतच नाही, कधी हळू दाबली तरी खाडकन जोरात वाजते. नवीन माणसाला वाटते सॉफ्टवेअर बिघडलं. ती धूळ असते.

म्हणून पियानो कूलरच्या सरळ झोतात नको, बाजूला ठेवा, तुम्हाला हवा लागली म्हणजे झालं. वाजवून झालं की झाकून ठेवा, सुती चादर किंवा शिवून घेतलेलं कव्हर, महालात-इतवारीत कापड घेऊन कोणत्याही टेलरकडून शिवून होते. प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं थेट कीजवर टाकू नका, उन्हाळ्यात ते चिकटते, रंग पण सोडू शकते. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या मात्र पियानोजवळ नको, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने खराब होते. झुरळ, मुंग्या अन् उंदीर टाळायचे तर सोपा उपाय म्हणजे पियानोवर चहा-चिवडा न्यायचा नाही. चहा सांडला तर आधी प्लग काढा, पियानो उलटा करून पाणी निथळू द्या अन् चालू करून "बघू चालते का" असं करू नका, सर्व्हिसला न्या. गोड चहा वाळला की कीज चिकटतात अन् मग सगळं उघडावं लागते.

रोजची सफाई म्हणाल तर मऊ कोरडं कापड, मळ असेल तर किंचित ओलं करून घट्ट पिळलेलं, लगेच कोरडं पुसा. थिनर, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर काहीच नाही. कीज मागून पुढे पुसा, आडव्या पुसल्या की मळ फटीत जाते. फटीतली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशने ओढून काढा, ब्लोअरने मारू नका, ती आत जाऊन त्याच रबरी पट्टीवर बसते.

ने-आण

८८ कीजचा पियानो साधारण १३०-१४० सेंटीमीटर लांब असतो. ऑटोच्या मागच्या सीटवर तो आडवा बसत नाही, एक टोक बाहेर निघते अन् शंकरनगर चौकात कोणाच्या तरी आरशाला लागते. तिरपा उभा धरून नेता येतो पण माणूस धरायला पाहिजे. कारमध्ये मागची सीट पाडून न्या. जाड फोमची बॅग घ्याच, बॅगेत पेडल अन् अडॅप्टर वेगळ्या खिशात, कीजवर नको. लांब प्रवास, ट्रॅव्हल्सची डिकी, असं असेल तर हार्ड केस. एसी हॉलमधून पावसाळ्यात बाहेर आणलं की गार पियानोवर दमट हवेचं पाणी जमते, तेव्हा दुसरीकडे लगेच वाजवायचा असेल तरी बॅगेतच वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या, मग काढा.

वायर पियानोच्या भोकातून सरळ लटकू देऊ नका. स्टँडच्या पाइपला एक वेढा द्या मग खाली सोडा. कोणाचा पाय अडकला तर ओढ पाइपवर येईल, जॅकवर नाही. जॅक आतल्या बोर्डवर डाग देऊन बसवलेला असतो, तो डाग तडकला की आवाज येतो-जातो, अन् हीच दुरुस्ती दुकानात सगळ्यात जास्त येते.

बिघडलं वाटलं तर

आवाज नाही: हेडफोनची पिन लागलेली आहे का बघा (पिन आत असली की बऱ्याच मॉडेलचे स्पीकर बंद होतात), मग व्हॉल्यूम, मग लोकल कंट्रोल, मग एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) शून्यावर आहे का, मग हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये आवाज आहे तर पियानो ठीक आहे, भांडण वायर किंवा मिक्सरशी आहे.

घूं-घूं: लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच संपते. नाही तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट.

खरखर: वायर हलवून बघा, मग दुसरी वायर. व्हॉल्यूमचं बटन फिरवतानाच खरखरते तर दहा-वीस वेळा पूर्ण फिरवा, धूळ असेल तर सुटते.

एखादी की गप्प किंवा एकदम जोरात: ती की भराभर पन्नासेक वेळा दाबा, कधी कधी धूळ सरकते. नाही झालं तर आतली पट्टी साफ करावी लागते, ते काम हाताला सवय असलेल्या टेक्निशियनचं, वॉरंटीत असेल तर स्क्रू पण काढू नका.

सगळंच विचित्र वागून राहिलं तर फॅक्टरी रीसेट, पण आधी तुमचे सेव्ह केलेले आवाज पेनड्राइव्हवर घ्या. पी-४५ मध्ये सगळ्यात वरची की दाबून ठेवून चालू केला की रीसेट होते. फर्मवेअर (पियानोच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर लाइट जाणार नाही अशी वेळ बघा, इन्व्हर्टरवरच करा, मधे लाइट गेली की बोर्ड बदलायची वेळ येऊ शकते.

सेकंड हँड घेत असाल तर स्वतःचा हेडफोन घेऊन जा. सगळ्या ८८ कीज एक-एक करून आधी अगदी हळू वाजवा अन् मग जोरात, काळ्या विसरू नका, हळू वाजवतानाच खराब कॉन्टॅक्ट पकडल्या जाते. मधल्या दोन सप्तकांतल्या कीज जास्त खटखट करत असतील तर खालचं फेल्ट झिजलं आहे, ते बदलता येते पण किंमत त्या हिशोबाने पाडून घ्या. मागचे सगळे जॅक हलवून बघा, ओरिजिनल अडॅप्टर मागा, बिल मागा अन् बिलावरचा सिरियल नंबर पियानोच्या खालच्या स्टिकरशी जुळवा. सर्व्हिसला देतानाही हेच करा, सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, पेडल-अडॅप्टर दिले असतील तर पावतीवर लिहून घ्या, अन् "आवाज बरोबर नाही" असं न सांगता कोणती की, किती वाजवल्यावर, हेडफोनमध्ये पण होते का, एवढं कागदावर लिहून द्या, टेक्निशियनचा अर्धा दिवस वाचते अन् तुमचे पैसे पण.